स्टावांगरचं पेट्रोलियम म्युझियम: अर्धा दिवस काढूनच जा

रेटिंग ५ पैकी ५. नॉर्वेत स्टावांगरला बहिणीकडे गेलो होतो, आणि मी मूळ उरणचा, सगळं आयुष्य फॅब्रिकेशनच्या कामात, त्यामुळे बंदरावरचं नॉर्वेजियन पेट्रोलियम म्युझियम बघायचंच होतं. १९९९ ला सुरू झालंय, बिल्डिंग लांबूनच ऑइल प्लॅटफॉर्मसारखी दिसते.

ड्रिल बिट, लाइफबोट, प्लॅटफॉर्मची मॉडेलं हे सगळं आहेच, आणि पोरं तर इमर्जन्सीत खाली सुटायची नळी असते ती सोडतच नाहीत. पण मला जास्त आवडलं ते हे की तेल कसं काढतात एवढ्यावर न थांबता त्याने गावाचं काय झालं तेही दाखवलंय. आधी हे मासे डब्यात भरून विकणारं गाव, तो धंदा बसत चाललेला, आणि १९६९ च्या शेवटी उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल लागलं, तेही किती तरी विहिरी कोरड्या गेल्यावर फिलिप्स ही अमेरिकन तेल कंपनी गाशा गुंडाळायच्या बेतात असताना. १९७२ ला सरकारी कंपनी स्टॅटऑइल काढली (आताची इक्विनॉर) आणि तिचं हेड ऑफिस ऑस्लोत न ठेवता इथे दिलं, तेलावर देखरेख करणारं सरकारी खातं पण इथेच. माझ्या मते खरी मेख ही आहे. हेड ऑफिस आलं की मागोमाग इंजिनिअर, सप्लाय कंपन्या, यार्डाची कामं, शाळा, हॉटेलं सगळं गावातच येतं. आमच्याकडे १९७४ ला सागर सम्राट या ड्रिलिंग जहाजाने समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र शोधलं, तेल-गॅस पाइपने उरणला येतो, पण ओएनजीसीची मोठी ऑफिसं डेहराडून, दिल्ली, मुंबईला. उरणला असं एक म्युझियम झालं पाहिजे, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या कहाण्यांसकट, असं मला मनापासून वाटतं.

देशाच्या पैशाचं पण आहे, तेल कंपन्यांवर ७८ टक्के टॅक्स, १९९० ला तेलाचा पैसा पुढच्यासाठी साठवायच्या सरकारी फंडाचा कायदा आणि १९९६ ला त्यात पहिली रक्कम. अर्थात फंड असला तरी गावाला झळ बसतेच, २०१४ ला तेलाचे भाव पडले तेव्हा इथल्या भरपूर लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

अलेक्झांडर किलँडचा तुकडा मात्र चुकवू नका. कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेला तरंगता प्लॅटफॉर्म, २७ मार्च १९८० ला वादळात त्याचा एक पाय तुटून उलटला, २१२ पैकी १२३ माणसं गेली. कारण काय, तर एका ब्रेसला (पाय जागेवर धरून ठेवणारी जाड नळी) हायड्रोफोनचा, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा सपोर्ट जोडलेला, त्याचं ६ एमएमचं फिलेट वेल्ड (कोपऱ्यात मारतात ते) नीट झालं नव्हतं, तिथून क्रॅक वाढत वाढत अख्खा ब्रेसच गेला. किरकोळ म्हणून कोणी बघितलं पण नसेल त्या जॉइंटकडे. आपल्या लाइनमधल्या प्रत्येक वेल्डरने आणि क्वालिटीवाल्याने हा तुकडा डोळ्यांनी बघावा, फोटोत तेवढं कळत नाही.

बाहेर खाणं महाग आहे, डबा घेऊन जा. शेजारी जिओपार्क आहे, ऑफशोअरच्या जुन्या सामानातून बनवलेलं, मुलांना तिथे सोडा. आणि जुन्या गावातलं कॅनिंग म्युझियम जमलं तर आधी बघा, मग इकडे या, म्हणजे क्रम बरोबर लागतो.