वनहक्क दाव्याची सरकारी सेवा : कोल्हापूरच्या डोंगरी वाड्यांना किती उपयोगी?

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या घाटमाथ्यावरचे धनगर-गवळी वाडे आणि जंगलाला खेटून असलेली गावं यांच्यासाठी सरकारची एक सेवा आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. ती म्हणजे वनहक्क कायदा, २००६ खाली हक्क मान्य करून घेणं. फॉर्मला पैसे नाहीत, दाव्याला फी नाही. नमुने मोफत आणि सहज मिळतील हे पाहणं प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीचं काम आहे. कुणी एजंट 'फॉर्मचे इतके' म्हणाला तर त्याला सरळ वाटेला लावा.

आमचं मत आधीच सांगतो. चराई, मध, हिरडा, शिकेकाई, बांबू, पाणवठे यांसाठी सामूहिक दावा म्हणून ही सेवा उत्तम आहे आणि प्रत्येक वाड्यानं ती घ्यायलाच हवी. घराच्या आणि कसणुकीच्या जमिनीसाठीही ती चांगली आहे, पण तिथं कागद जास्त लागतो. शिकारीसाठी मात्र तिच्यात काहीही नाही. तो प्रश्न लोक हमखास विचारतात, म्हणून त्याचं सविस्तर पुढे येईलच.

आपल्या जिल्ह्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेलं) क्षेत्र नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू नाही. यावरून 'मग वनहक्कही आपल्याला नाही' असा समज पसरलेला दिसतो. तो चूक आहे. वनहक्क कायदा अनुसूचित जमातींना आहे तसाच 'इतर पारंपरिक वननिवासीं'नाही आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक दावेदार याच दुसऱ्या गटात बसतात. अभयारण्यही त्यातून सुटलेलं नाही. कायद्यातल्या 'वनजमीन' या व्याख्येत राखीव वनाबरोबर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही आहे. म्हणजे राधानगरी अभयारण्यातल्या वाड्यालाही दावा करता येतो.

अडचण आहे ती ७५ वर्षांची. या गटाला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पिढीला २५ वर्षं धरून ७५ वर्षं, तिथं राहत असल्याचं दाखवावं लागतं. मागे मोजलं की तारीख येते १३ डिसेंबर १९३०. तेव्हा इथं जिल्हाधिकारी नव्हता, कोल्हापूर दरबार होता. संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. आज सरकारी कचेरीत गेलात की समोर येतो तो साधारण १९५०-६० नंतरचा कागद, आणि त्यावर '७५ वर्षं भरत नाहीत' असा शेरा बसतो. पुरावा असतो, पण तो संस्थानच्या दप्तरात आणि मोडीत असतो. कोल्हापूरच्या दाव्यांचं खरं मर्म इथं आहे, म्हणून याला जास्त वेळ द्या.

आधी आपला वाडा १९३० साली कुणाच्या मुलखात होता हे ठरवा. राधानगरी, भुदरगड हा बहुतांश खालसा, म्हणजे थेट दरबारच्या कारभाराखालचा भाग. गगनबावड्याकडची गावं बावडा जहागिरीत, शाहूवाडीकडची बरीच विशाळगड जहागिरीत, आजरा इचलकरंजी जहागिरीत. चंदगडचं पुन्हा निराळं : हा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे त्याचा जुना कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरातला. जहागीर चुकली की भलत्याच दप्तरात शोधत बसायची वेळ येते, आणि नाद सोडून देणारे बहुतेक इथंच सोडतात.

मग दोन ठिकाणी अर्ज टाका. एक तहसीलचा अभिलेख कक्ष. तिथं जन्ममृत्यूची जुनी नोंद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, आणि जुने फेरफार मागा. वनजमिनीची नोंदवही, गाव नमुना १-अ, हीही घ्या. दुसरं ठिकाण कोल्हापूर पुराभिलेखागार, जिथं संस्थानचं दप्तर जपलेलं आहे. दप्तर रुमालात बांधलेलं असतं. मोडीची ओळ अखंड चालते, शब्दाशब्दांत फट नसते. त्यामुळे गावाचं नाव डोळ्यांनी टिपायला सराव लागतो. चराईची नोंद असेल तर त्यात माणसाचं नाव, गाव आणि जनावरांची संख्या अशा गोष्टी पाहा. नाव नुसतं 'धोंडी वलद बाबू' (बाबूचा मुलगा धोंडी) असं, आडनावाशिवाय असू शकतं. म्हणून जाण्यापूर्वी वंशावळ तयार ठेवा, निदान पणजोबापर्यंत. सापडलेल्या पानाची प्रमाणित नक्कल घ्या आणि मोडीच्या जाणकाराकडून सहीशिक्क्यासह देवनागरी लिप्यंतर करून दोन्ही जोडा. नुसती मोडीची प्रत जोडली तर ती वाचायलाच कुणी नसतं आणि दावा पडून राहतो.

कागद मिळालाच नाही तर? दावा संपत नाही. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे आणि त्यातले दोन प्रकार पुरेत. दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. जुन्या घराची जोती, विहीर, दफनाची जागा, देवराई या जागेवरच्या खुणा चालतात. वंशावळ जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचत असेल तर तीही चालते. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. उपग्रहाचं छायाचित्र पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, इतर पुराव्याच्या जागी नाही, हे नियमात स्पष्ट आहे. दाट झाडीखालचं गवताचं छप्पर वरून दिसत नाही, म्हणून हे वाक्य आपल्याला फार मोलाचं आहे.

दुसरी अडचण ग्रामसभेची. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते, त्यात एक तृतीयांश बाया हव्यात. शिवाय दाव्याचा ठराव करताना दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निदान निम्मे हजर हवेत. वाडा खालच्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलेला असला की कोरम भरत नाही, कारण दीड-दोन हजार मतदारांतल्या बहुतेकांचा जंगलाशी काही संबंध उरलेला नसतो. सभा तहकूब होत राहते. यावर उपाय कायद्यातच आहे. कलम २ मधल्या 'गाव' या व्याख्येत जुनी वस्ती आणि सर्वेक्षण न झालेली गावंही येतात, मग त्यांना गाव म्हणून अधिसूचित केलेलं असो वा नसो. तेव्हा वाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मागा, आणि त्या मागणीतच कलमाचा उल्लेख करा. दावे घेऊन तपासणारी ग्रामसभेची वनहक्क समिती १० ते १५ जणांची. अनुसूचित जमातीचे लोक नसतील तिथं निदान एक तृतीयांश महिला असाव्यात, इतकीच अट. बाया नावापुरत्या घेऊ नका. पाणी, सरपण, रानभाजी कुठली आणि कधीची हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही, आणि नकाशा त्यावरच उभा राहतो.

नमुने तीन. 'अ' वैयक्तिक जमिनीसाठी, त्यात मर्यादा ४ हेक्टर आणि प्रत्यक्ष कब्जा असेल तेवढंच. 'ब' सामूहिक हक्कांसाठी. 'क' सामूहिक वनसंपत्तीसाठी, म्हणजे पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. आमचा आग्रह असा, की 'ब' आणि 'क' आधी भरा. वैयक्तिक दाव्यात भाऊबंदकी निघते, सामूहिक दाव्यात सगळा वाडा एका बाजूला उभा राहतो.

'ब' भरताना 'चराई व वनोपज' असं मोघम लिहिण्यासारखं नुकसान दुसरं नाही. जे मोघम मागाल ते मोघमच मिळतं आणि पुढे नाक्यावर प्रत्येकाला वेगळा अर्थ दिसतो. प्रत्येक वस्तूपुढं जागा, महिना आणि वापर लिहा : कुठल्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) म्हशी कधी चढतात, कुठल्या ओढ्यात मासे धरतात, हिरडा जंगलाच्या कुठल्या कक्षात (वनखात्यानं पाडलेल्या भागात) वेचतात, मध कुठल्या कड्याचा. वनखात्याचे कक्ष क्रमांक आणि लोकांच्या तोंडची नावं दोन्ही द्या. बांबू, मध, मेण, औषधी वनस्पती, कंदमुळं हे सगळं कायद्याप्रमाणे गौण वनोपज आहे. ते गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा हक्क आहे, त्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीनं विक्री, साठवण, प्रक्रिया आणि जंगलाबाहेर वाहतूक हे सगळं त्यात घातलं, आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीनं द्यायची सोय केली. दोन वाड्यांची चराई एकाच सड्यावर असेल तर भांडत बसू नका. दोन्ही समित्यांची एकत्र बैठक घेऊन निष्कर्ष लेखी द्यायचा, अशी तरतूद आहे.

स्थळपाहणीत एक गोष्ट चुकली की सगळं लांबतं : नोटिशीची पोच. पाहणीची तारीख वनखात्याला आणि महसूलला लेखी कळवा, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. अधिकारी आले नाहीत आणि नंतर त्याच कारणानं हरकत घेतली तर फेरपाहणी होते, आणि पोच असूनही ते दुसऱ्यांदा आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम, असं नियम १२-अ सांगतो. पोच नसेल तर 'आम्हाला कळवलंच नाही' एवढ्या वाक्यावर दरवेळी फेरपाहणी लागते, आणि मधे पावसाळा आला की घाटमाथ्यावर पुढचे महिने काहीच होत नाही.

आता शिकार. घाटातल्या गावांत ससा, भेकर, डुक्कर यांची शिकार सणावाराशी जोडलेली होती, फासेपारध्यांसारख्या जमातीचं तर पोटच फाशावर आणि वाघरीवर (शिकारीच्या जाळ्यावर) होतं. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ठ) मध्ये इतर सगळे पारंपरिक हक्क देताना शिकार, सापळा लावणं आणि वन्यप्राण्याचा अवयव काढणं हे नाव घेऊन वगळलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ९ शिकारीला बंदी घालतं, आणि 'शिकार' या शब्दात फास, विष, हाका (आरडाओरडा करून प्राणी हुसकावणं), आमिष, पक्ष्यांची अंडी काढणं, घरटं मोडणं सगळं येतं. याच कायद्याच्या कलम ६५ नं निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा शिकारीचा हक्क राखून ठेवला आहे. तशी सवलत महाराष्ट्रात कुणालाच नाही. म्हणून 'ब' नमुन्यात शिकार लिहू नका. त्या ओळीनं बाकीच्या मागण्यांवरही संशय येतो.

जबाबात जुन्या शिकारीचा उल्लेख मात्र जरूर येऊ द्या. दाजीपूरचं जंगल छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य झालं. वाड्यातले जुने लोक दरबारी शिकारीत हाका घालायला जात असतील तर ते तिथल्या वास्तव्याचं बळकट चिन्ह आहे. तो इतिहास वास्तव्याचा पुरावा म्हणून वापरायचा, हक्काची मागणी म्हणून नाही. हल्लीची कुठलीही घटना जबाबात नको, तो सरळ गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरतो.

पिकाच्या राखणीसाठी लावलेल्या फाशाबद्दलही बोललं पाहिजे. मोटारसायकलच्या क्लच वायरचा सरकफास बांधावरच्या झुडपाला, डुकराच्या वाटेवर बांधतात. तार जितकी ओढली जाते तितकी आवळते, आणि ती डुक्कर-बिबट्या असा भेद करत नाही. बिबट्या अडकला तर वन्यजीव कायद्याची अनुसूची १ (सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) लागते : किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, किमान २५ हजार दंड. अभयारण्यात कुठलाही वन्यप्राणी मारला तरी हीच शिक्षा. कायदेशीर वाट दोनच. उभ्या पिकाला धोका असलेल्या अनुसूची २ मधल्या प्राण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज. गवा अनुसूची १ मध्ये असल्यानं त्याला पहिली वाट लागू नाही. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही, पण मेलेला प्राणी सरकारचा. त्याला हात लावू नका, लगेच कळवा. सामूहिक हक्क मिळाले की वन्यजीव राखण्याची जबाबदारी वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ग्रामसभेवर येते, तेव्हा फासबंदीचा ठराव दाव्याबरोबरच करा. जंगल राखायची तयारी त्या ठरावातून कागदावर येते.

दावा नामंजूर झाला तर कारणासह लेखी कळवणं बंधनकारक आहे. तोंडी 'नाही झालं' यावर उठून येऊ नका. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे अपील, मुदत दोन्हीकडे ६० दिवस. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जागेवरून हलवता येत नाही, म्हणून दाव्याची पोच घरात जपून ठेवा. त्रुटी असलेला दावा थेट फेटाळायचा नसतो, तो ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. फेटाळल्याचं पत्र आलं की आधी हेच तपासा.

पट्टा, म्हणजे मान्य झालेल्या हक्काचा दाखला, हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. वैयक्तिक पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव हवं. सामूहिक पट्ट्यावर मागितलेली प्रत्येक वस्तू, हंगाम आणि कक्ष क्रमांक आहेत का ते मूळ दाव्याशी ताडून पाहा. 'शर्ती' या रकान्यात कायद्यात नसलेली अट घुसली असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या. आणि तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वन, दोन्ही दप्तरांत नोंद व्हायला हवी. तलाठ्याकडून आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून त्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय फाइल मिटवू नका.