मोठ्या भाऊंच्या आठवणीसाठी पाहावे असे गांधीतीर्थ

गेल्या आठवड्यात वडिलांना घेऊन जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थ हे महात्मा गांधींवरील संग्रहालय पाहून आलो. वाकोदसारख्या खेड्यात १९३७ साली जन्मलेल्या, १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या व्यापाराने सुरुवात करणाऱ्या आणि पुढे ठिबक सिंचन खानदेशच्या शिवारात रुजवणाऱ्या भवरलाल जैन ऊर्फ मोठे भाऊ यांनी उतारवयात ध्यास घेऊन उभारलेले हे संग्रहालय २०१२ साली खुले झाले. दगडी बांधकाम देखणे आहे, परंतु मला अधिक भावली ती दालनांची दृक्श्राव्य मांडणी, कारण जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले माझे वडीलही कोणाची मदत न घेता प्रत्येक पडद्यापुढे थांबत होते. दांडीयात्रेपाशी तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. घाईने पाहण्याचे हे ठिकाण नव्हे. किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

भाऊंना २००८ साली पद्मश्री मिळाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते गेले. बाहेर पडताना वडील दगडी भिंतीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “आपल्या केळीच्या बागेत पहिली नळी अंथरली, ती यांच्यामुळेच.”