याद्या पाठ कराव्यात की ‘हितवाद’ वाचावा?

इंग्रजी शिकायला नागपूरच्या सीताबर्डीत शब्दांच्या आणि वाक्प्रचारांच्या याद्यांची पुस्तकं ढिगानं मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली नागपुरात सुरू केलेलं ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र रोज वाचणं.

गोंधळ उडवणाऱ्या जोड्यांसाठी मी यादीच्याच बाजूची. ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला, ‘ॲडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणं. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं. शेजारीशेजारी मांडलं की फरक लगेच पटतो. पेपरात या जोड्या अशा एकत्र क्वचितच भेटतात.

वाक्प्रचारांचं तसं नाही. ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरं नसणं, एवढं यादी सांगते. पण ते किरकोळ, चार दिवसांच्या दुखण्यालाच शोभतं. मेडिकल रुग्णालयाच्या आयसीयूत असलेल्या माणसाबद्दल तसं म्हटलं तर कानाला खटकतं. (नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाशीही त्याचा संबंध नाही, मुलं हमखास तिकडे जातात.) ही जाण वाचूनच येते.

नवशिक्यांनी अग्रलेखाआधी खेळाचं पान घ्यावं. तिथं वाक्प्रचार भरपूर असतात, आणि सामना आदल्या रात्री पाहिलेला असल्यानं अर्थ आपोआप लागतो.