सीएसएस सिलेक्टर तपासायला क्रोमचं डेव्हटूल्स: नाशिकच्या वेब डिझायनरांसाठी

पिंपळगावच्या कांदाभावाचा तक्ता असो की द्राक्ष बागायतदाराचं पान, रंग का लागत नाही ते एफ१२ दाबून डेव्हटूल्स, म्हणजे क्रोममधलं पान तपासायचं साधन, उघडल्यावर कळतं. एलिमेंट्स टॅबमध्ये कंट्रोल-एफ करून सिलेक्टर (स्टाइल पानावरच्या कोणत्या घटकांना लागेल ते सांगणारा सीएसएसचा भाग) टाका. किती घटक जुळले तो आकडा दिसतो. शून्य आला तर कदाचित नको तिथे स्पेस पडलीय. ‘.भाव.लाल’ला दोन्ही क्लास (घटकांच्या गटाला दिलेली नावं) एकाच घटकावर लागतात, ‘.भाव .लाल’ हा लाल घटक भावाच्या आत शोधतो.

सगळ्यात उपयोगी स्टाइल्स पॅनेल. दुसऱ्या नियमापुढे हरलेल्या ओळीवर काट मारलेली असते. सिलेक्टरवर कर्सर नेला की कोणता नियम जिंकेल ते ठरवणारं वजन दिसतं: आयडी (एकाच घटकाचं नाव) १-०-०, क्लास ०-१-०, टॅग ०-०-१. दहा क्लास जोडले तरी एका आयडीपुढे हरतात, म्हणून स्टाइलसाठी आयडी टाळाच. नियम जबरदस्तीने जिंकवायला उठसूट इम्पॉर्टंट लावणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

उणीव एकच, पण मोठी: न जुळलेला सिलेक्टर का जुळला नाही, हे टूल सांगत नाही. तक्त्याच्या ओळीत पहिला टीएच (शीर्षकाचा रकाना) असेल, तर ‘टीडी:एनटीएच-चाइल्ड(२)’ पहिलाच टीडी (साधा रकाना) पकडतो, कारण तो ओळीतली सगळी भावंडं, टीएचसकट, मोजतो. दुसरा टीडी हवा तर एनटीएच-ऑफ-टाइप वापरा.