सोबत्याच्या वतीने बोलायचं कुणी?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात टेबलाभोवती बसलेला प्रत्येक प्लेयर एकेक पात्र रंगवतो. त्या पात्रांच्या टोळीत, म्हणजे पार्टीत, मशाल धरणारा पोऱ्या आला, भाडोत्री तलवारबाज आला किंवा रेंजरचा, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्याचा, लांडगा आला, की दुसऱ्या सेशनपर्यंत हा प्रश्न टेबलावर येतोच. पर्याय तीन. डीएम (खेळ चालवणारा, बाकी सगळ्या जगाच्या वतीने बोलणारा) बोलतो, ज्याचा सोबती तो प्लेयर बोलतो, किंवा त्याच्या शेजारी बसलेला भलताच प्लेयर बोलतो. मी तिन्ही करून पाहिलेत. डीएमच्या खुर्चीत बसून एक, प्लेयर म्हणून बाकीचे दोन.

लढाईचं सोडा, तिथे नियमांनी बरंच निस्तरलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत बीस्ट मास्टरला, म्हणजे प्राणी पाळणाऱ्या रेंजरला, आपल्या प्राण्याकडून हल्ला करवून घ्यायला सुरुवातीला स्वतःची अख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, घालवावी लागायची. 2020 मध्ये ‘ताशाज कॉल्ड्रन’ या पुरवणी पुस्तकाने ते काम बोनस अ‍ॅक्शनवर, म्हणजे पाळीतल्या जोडीच्या छोट्या कृतीवर, आणलं आणि रेंजर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत पाळीतल्या तीनपैकी एक अ‍ॅक्शन खर्च करा, प्राण्याला दोन मिळतात. हिशोब सरळ आहे. फासे मालकाने टाकावेत, एवढं मान्य करून पुढे जाऊ. खरी गंमत तलवारी म्यान झाल्यावर असते.

डीएमकडे सोबती देणं हा सगळ्यात सोपा मार्ग, म्हणून बहुतेक टेबलांवर तोच चालतो. पण डीएमच्या डोक्यात आधीच पहारेकरी, सराईवाली, राजाचा कारभारी आणि तळघरातला भुताळ्या असतो. त्यात हा तलवारबाज दोन तास मुका राहतो आणि मग कुणाला तरी आठवतं, ‘अरे, तो आहे का आपल्याबरोबर?’ दुसरं म्हणजे डीएमच्या तोंडून आलेलं प्रत्येक वाक्य प्लेयरना इशारा वाटतं. मी डीएम असताना आमच्या तलवारबाजाच्या तोंडी सहज घातलं, ‘मला ही गुहा आवडत नाही.’ बिचाऱ्याचा स्वभाव कुरकुऱ्या, बस. पार्टी तिथल्या तिथे मागे वळली. मी तीन रात्री बसून काढलेला गुहेचा नकाशा अजून फाइलमध्ये कोरा करकरीत पडलाय.

राहिले मालक आणि शेजारी.

मालकाकडे सोबती असण्याचे फायदे खोटे नाहीत. त्याला सोबत्याचा पूर्वेतिहास माहीत असतो, आवड असते, खेळ अडत नाही. माझ्या जादूगाराकडे बोरू नावाचा मशालवाला होता. बोरूसारखाच काटकुळा, म्हणून बोरू. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त चार. त्याच्यासाठी मी नाकातला बारीक आवाज काढायचो आणि पहिले काही सेशन सगळ्यांना मजा आली. ‘बोरू, जरा दार ढकलून बघ.’ ‘हो मालक.’ ‘बोरू, त्या पुतळ्याच्या तोंडात हात घाल.’ ‘हो मालक.’ विचारणारा मी, हो म्हणणाराही मीच.

मग एकदा एका कोरड्या विहिरीपाशी आलो. खालून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येत होता. मी सवयीने म्हणालो, बोरूला दोराने खाली सोडतो. डीएमने शांतपणे विचारलं, ‘तो जातो?’ मी म्हणालो, ‘जातो की.’ ती नुसती बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अकरा सेशनमध्ये बोरू एकदाही नाही म्हणाला नव्हता. कुरकुर नाही, पगार मागितला नाही, साधी पाठसुद्धा दुखली नाही. तो सोबती नव्हताच, सापळे चाचपायच्या दहा फुटी काठीला मी नाव दिलं होतं. मला या पद्धतीचं जे खटकलं ते एवढंच, पण एकदा खटकल्यावर ते पुन्हा नजरेआड होईना.

जुन्या खेळांना ही खोड माहीत असावी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1981 च्या बेसिक नियमांत तुमच्या पात्राच्या करिष्म्याच्या आकड्यावरून किती चाकर ठेवता येतील आणि त्यांचं मनोधैर्य किती, दोन्ही ठरायचं. करिष्मा नऊ ते बारा असेल तर चार चाकर, मनोधैर्य सात. दोन सहापैलू फाशांची बेरीज त्याच्या वर गेली की गडी कच खायचा. म्हणजे नकार देण्याचं काम फाशांवर सोपवलेलं. चालतं, पण फासा कारण सांगत नाही.

त्या विहिरीपाशीच मी बोरूची माहिती लिहिलेलं कार्ड शेजारच्या मैत्रिणीकडे सरकवलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या साध्या आवाजात विचारलं, ‘मालक, दोर कोण धरणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या जादूगाराची ताकद सात, म्हणजे कमीच. शेवटी पार्टीतल्या दांडग्या बार्बेरियनने दोर धरायचा, खजिन्यातला माझा अर्धा वाटा बोरूचा, आणि यापुढे पुतळ्यांच्या तोंडात हात मी घालायचा, असा सौदा झाला. अर्धा तास गेला त्यात, आणि त्या कॅम्पेनमधला, म्हणजे सेशनमागून सेशन चाललेल्या त्या गोष्टीतला, तोच अर्धा तास मला सगळ्यात स्पष्ट आठवतो.

ही कल्पना नवी नाही. 1987 च्या आर्स मॅजिका या खेळात ग्रॉग नावाचे साधे शिपाईगडी सगळ्या टेबलाचे सामाईक असतात, ज्याचा हात रिकामा तो चालवतो.

अडचणी आहेत, नाही कसं म्हणू. शेजारी गैरहजर असला की सोबती आजारी पडतो. कुणाला दुसऱ्याचं ओझं नको असतं, आणि एखादा इतका रंगात येतो की मशालवाल्याचं भाषण संपेपर्यंत मशाल विझते. त्यामुळे कार्डावर तीनच ओळी लिहायच्या: याला काय हवंय, कशाला घाबरतो, काय मेलं तरी करणार नाही. तिसरी ओळ मालकाने लिहायची नाही.

दोनच प्लेयर असतील तर हे जमणार नाही. तिथे डीएमनेच बोलावं आणि मनोधैर्याचे फासे टाकावेत. फॅमिलियर, म्हणजे जादूने बोलावलेलं, घुबड असेल तर ते मालकाकडेच राहू दे, त्याला तसाही हल्ला करता येत नाही आणि पगारही नसतो. पण सोबती बोलणारा असेल आणि टेबलाला चार माणसं असतील, तर एक संध्याकाळ कार्ड शेजारी सरकवून बघा. नाही पटलं तर परत घ्या. मी मध्यंतरी बोरूला परत मागितलं होतं. मैत्रीण म्हणाली, आधी त्याला विचार.