पहिल्याच तासात श्वास दुप्पट? फी भरण्याआधी हा डाव समजून घ्या

‘पहिल्याच सत्रात दुप्पट वेळ श्वास रोखाल’ अशी हमी देणारे ऑनलाइन वर्ग बरेच झालेत. वेळ खरोखरच दुप्पट होतो, म्हणून तर माणूस फसतो. तो आकडा बघून पुढचा महागडा कोर्स लगेच घेतला जातो.

डाव असा असतो. आल्या आल्या, बोलणं चालू असतानाच, बसल्या जागी पहिली चाचणी होते. नवख्या माणसाला साधारण मिनिटभरात असह्य होतं. मग आडवं झोपवून ३०-४० खोल, जोरकस श्वास घ्यायला लावतात. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ‘शरीर ऑक्सिजनने भरलं,’ असं सांगतात. दुसऱ्या चाचणीत दोन मिनिटं सहज निघतात.

शरीरात ऑक्सिजन फारसा भरलेला नसतोच. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन (रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) शांत बसल्यावरही ९५ ते ९९ टक्के भरलेलंच असतं, तिथे आणखी किती मावणार? जोरकस श्वासाने बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब सुमारे ४० मिलिमीटर पारा असतो, तो निम्म्यावर उतरू शकतो. श्वास घ्यायची तगमग मुख्यतः हा वायू वाढला की होते. म्हणजे टाकीत पेट्रोल तेवढंच, काटा मात्र अडकवून ठेवलेला. मुंग्या आणि चक्कर हीसुद्धा हा वायू घटल्याचीच लक्षणं. शिवाय आडवं पडल्याने स्नायूंना विश्रांती मिळते आणि पहिल्या प्रयत्नानंतर प्लीहा (पोटातला रक्त साठवणारा अवयव) आकुंचन पावून जास्तीच्या लाल पेशी रक्तात सोडते, त्यामुळे दुसरा प्रयत्न कोर्सशिवायही बरेचदा लांबतो.

‘पुरावा’ म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावतात. रोखलेला श्वास सोडल्याबरोबर तो काढला, तर आकडा ९६-९७ दिसतो. बोटापर्यंत रक्त पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे खरी घसरण पुढच्या अर्ध्या मिनिटात दिसते. ऑक्सिमीटर तसाच ठेवा म्हणावं.

जाहिरातीतले विक्रमही असेच अर्धवट सांगतात. फ्रान्सचा फ्रीडायव्हर (श्वास रोखून पाण्यात उतरणारा) स्तेफान मिफ्सुद याने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला, तो साध्या हवेवर. क्रोएशियाच्या बुदिमिर शोबातचे २०२१ मधले २४ मिनिटं ३७ सेकंद मात्र आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन झालेले. दुसरा आकडा छापून पहिल्या प्रकारचं शिक्षण विकणं ही सरळसरळ दिशाभूल आहे.

पैसे गेले तर निदान जीव राहतो. हीच युक्ती पाण्यात केली, तर तगमग जाणवायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस कोणत्याही पूर्वसूचनेविना बेशुद्ध होतो. असे मृत्यू चांगल्या पोहणाऱ्यांचेही झाले आहेत, उथळ तलावातही. बादली किंवा टबात चेहरा बुडवून एकट्याने ‘गृहपाठ’ करायला सांगणारा शिक्षक असेल, तर तिथेच थांबा.

खरा सराव कंटाळवाणा असतो आणि त्याला उपकरण लागत नाही. जमिनीवर, पडून किंवा बसून, आपल्या कमाल वेळेच्या निम्मा वेळ श्वास रोखायचा, मग २ मिनिटं शांत श्वास. अशा आठ फेऱ्या, प्रत्येक वेळी विश्रांती १५ सेकंदांनी कमी. आधी घाईघाईने श्वास घ्यायचे नाहीत. चक्कर आली की थांबायचं. हृदयविकार, फिट येणं किंवा गर्भारपण असेल, तर हा सराव करूच नये. यातून शरीर कार्बन डायऑक्साइड सहन करायला शिकतं. फुप्फुसं मोठी होत नाहीत. त्यामुळे ‘फुप्फुसं वाढवणारी’ फुंकणी घेऊ नका, तिने फार तर श्वासाचे स्नायू बळकट होतात.

विकणाऱ्याला फी देण्याआधी एकच अट घाला: दोन्ही चाचण्या आडवं पडून, दोन्हींआधी पाच मिनिटं शांत श्वास, जोरकस श्वास एकदाही नाही. फरक किती पडला ते लेखी द्यायला सांगा, आणि परतावा त्याच आकड्याशी बांधून घ्या.