सेकंडहँड सात सीटर: अकरा महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

मागच्या सप्टेंबरात आम्ही 2017 ची डिझेल सात सीटर एसयूव्ही घेतली. मॅन्युअल गिअर, मीटरवर 82 हजार. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. गाव श्रीवर्धनकडे, म्हणजे पुण्याहून जायचं ते ताम्हिणीतून. एवढी मोठी गाडी घेतली ती या वाटेसाठीच, पण गाडी तपासताना नेमकी हीच वाट आमच्या डोक्यात नव्हती.

गाडी तीनदा पाहिली. तिन्ही वेळा सपाट रस्ता, आत दोन माणसं आणि इंजिन आधीच गरम. दिवाळीत सगळे सामानासकट गावाला निघालो. घाटात एका चढावर ट्रकमागे थांबावं लागलं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताच अख्खी गाडी थरथरली आणि जळका वास आला. सासूबाईंनी घट्ट धरलेलं हँडल मला अजून दिसतं.

दोष क्लच प्लेटबरोबर फ्लायव्हीलमध्येही निघाला. बऱ्याच डिझेल एसयूव्हींना दोन चकत्यांचं फ्लायव्हील असतं. मधल्या स्प्रिंगा इंजिनचे हादरे पचवतात. त्या सैल झाल्या की सपाट रस्त्यावर फारसं कळत नाही, वजन आणि चढ आला की कळतं. संपूर्ण सेट आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी धरून 46 हजार गेले. पाहायला खरं तर दहा मिनिटं पुरतात. गाडी जागेवर चालू ठेवून क्लच दाबा, सोडा आणि खडखड बदलते का ते ऐका. इंजिन बंद करताना धप्पकन धक्का बसतो का ते पाहा. मग घरची चार-पाच माणसं बसवून चढावरून गाडी उचला. मालक नको म्हणाला तर मी ती गाडी घेणार नाही.

गरम इंजिनाचंही तसंच. आता कुणासोबत गाडी बघायला गेले तर आदल्या रात्रीच मालकाला फोन करून सांगते की सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवते. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का आणि धुराचा रंग काय, हे तेव्हाच कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता मोठी. रेस केल्यावर दाट काळा आला तर इंजेक्टर, टर्बो आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या. टर्बोनंतरचा होज पाइप मिस्त्रीकडून काढून बघा. आत तेलाचा ओशटपणा चालतो, साचलेलं तेल नाही.

दुसरा खर्च मागच्या एसीचा. मार्चमध्ये मुलं मागून ओरडायला लागली, पुढे मात्र छान गार होतं. सात सीटरमध्ये मागच्या एसीचे पाइप बहुधा गाडीच्या पोटाखालून जातात. चिखल आणि खारी हवा लागून ते सडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. गाडी बघताना मीसुद्धा पुढेच बसले होते. तिसऱ्या रांगेत बसून वीस मिनिटं एसी चालवून बघायला हवा होता. पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉडही बदलले, पण या वयाच्या गाडीत तो खर्च धरूनच चालावं.

याआधी एक गाडी आम्ही नाकारली, ती मात्र मिस्त्रीकाकांमुळे. चकचकीत रंग, किंमत बरीच कमी. काकांनी मधल्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या हातभर भागावर मातकट रेघ. सीटच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 मध्ये चिपळूण-महाड पाण्यात गेलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. अशा गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगचा त्रास पुढे निघतच राहतो. म्हणून पट्टे ओढल्याशिवाय पुढे बोलू नका.

मीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी बघा. पेडलचं रबर झिजलंय आणि मीटर 40 हजार दाखवतंय, तर विचारायलाच हवं. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाडीचा मोह झाला तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स आधी हिशेबात धरा.

आता गाडी उत्तम चालते. हायवेला 14 चं एव्हरेज मिळतं. सासऱ्यांचे गुडघे मधल्या रांगेत मोकळे राहतात आणि पूर्वीसारखं माणगावला उतरून पाय मोकळे करावे लागत नाहीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची नोंद नव्हती, म्हणून गेल्या आठवड्यात तोही नवा बसवला. गणपतीला सगळे पुन्हा ताम्हिणीतूनच निघणार आहोत.